बर्गंडी समजून घ्यायची तर आधी शिवार पाहा

आमच्याकडे निफाडला प्रत्येक वावराला नाव आहे. चिंचेचं, विहिरीवरचं, माळाचं, गाडरस्त्याची पट्टी. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, पण घरात नंबराने कुणी बोलत नाही. "आज माळाच्या बागेत फवारणी आहे" एवढं म्हटलं की तिथली माती कशी, पाणी किती वेळ धरते, भुरीचा रोग आधी कोणत्या कोपऱ्यात दिसतो, सगळं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येतं. फ्रान्समधल्या बर्गंडीच्या वाइन समजून घेताना मला हीच सवय सगळ्यात जास्त कामी आली. तिथे बाटलीवर द्राक्षाच्या जातीचं नाव सहसा नसतं. ठळक अक्षरात असतं ते गावाचं किंवा वावराचं नाव.

ज्यांनी बर्गंडीची वाइन कधी घेतली नाही, किंवा घ्यायला गेले आणि लेबल पाहून बाटली परत ठेवली, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पायऱ्या मुद्दाम अशा लावल्या आहेत की बाटली उघडायची वेळ पाचव्या पायरीवर येते. तोवर धीर धरा. पहिल्या तीन पायऱ्या नीट झाल्या की पुढचं फारसं पाठ करावं लागत नाही.

पायरी १: कागदावर नकाशा काढा

फ्रेंच लोक या प्रदेशाला बूर्गोन्य म्हणतात. पॅरिसच्या आग्नेयेला, देशाच्या पूर्व भागात. एक कोरा कागद घ्या. मधोमध एक उभी रेघ ओढा. रेघेच्या वरच्या टोकाला लिहा दिजाँ, मोहरीसाठी प्रसिद्ध असलेलं शहर. मध्याच्या थोडं खाली लिहा बोन, वाइनच्या व्यापाराचं जुनं तटबंदीचं गाव. खालच्या टोकाला सांतने. ही रेघ सुमारे पन्नास किलोमीटरची आहे आणि तिचं नाव कोत दोर. बर्गंडीची बहुतेक गाजलेली नावं या एका पट्ट्यात बसतात. पट्टा अरुंद आहे, काही ठिकाणी रुंदी किलोमीटरभरही भरत नाही.

या रेघेचे दोन तुकडे करा. वरचा तुकडा कोत द न्वी, तिथे मुख्यतः पिनो न्वार या काळ्या द्राक्षाची रेड वाइन. खालचा तुकडा कोत द बोन, तिथे रेड आहेच, पण शार्दोने या पांढऱ्या द्राक्षाची जगातली सर्वांत मोलाची व्हाइट वाइन इथल्या मर्सो, प्युलिन्यी आणि शासान्य या गावांतली. आता रेघेच्या खाली आणखी दोन गोल काढा: आधी कोत शालोनेज, मग माकाँच्या आसपासचा माकोने. शेवटचा गोल कागदाच्या वर डाव्या कोपऱ्यात, दिजाँपासून शंभराहून अधिक किलोमीटर वायव्येला: शाब्ली. हवा थंड, वाइन फक्त व्हाइट, द्राक्ष फक्त शार्दोने.

जाती मोजक्याच आहेत. पिनो न्वार आणि शार्दोने या दोन मुख्य. त्यांच्या जोडीला आलिगोते ही आंबटसर पांढरी जात आणि थोडी गामे. संपूर्ण बर्गंडीत सुमारे ३० हजार हेक्टर द्राक्षं आहेत. बोर्दो हा दुसरा नावाजलेला प्रदेश याच्या जवळपास तिप्पट. (आपल्या बागांत मोरचूद आणि चुन्याचं जे बोर्डो मिश्रण मारतात, त्याचं नाव त्या बोर्दोवरून आलं आहे.)

हा कागद जपून ठेवा. पुढे जी बाटली हातात येईल तिचं गाव या कागदावर टिपत चला. मी अजूनही टिपते.

पायरी २: उतार वाचायला शिका

इथे वेळ द्या. सगळ्या बर्गंडीचं मूळ या पायरीत आहे.

व्होन-रोमाने नावाचं एक छोटं गाव कोत द न्वीमध्ये आहे. दिजाँहून बोनकडे जाणारा मोठा रस्ता गावाच्या पूर्वेला सपाटीवरून जातो. मी त्या रस्त्यावर उतरले आणि पश्चिमेला, चढाच्या दिशेने चालू लागले. रस्त्याच्या पलीकडे, सखल भागात, माती जाड, तपकिरी, बुटाला चिकटणारी. आपल्याकडचा शेतकरी म्हणेल, काय कसदार जमीन आहे! तिथल्या द्राक्षांच्या बाटलीवर फक्त 'बूर्गोन्य' असं लिहितात, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. गावाजवळ आलं की बाटलीवर गावाचं नाव येतं. गाव ओलांडून जमीन किंचित उचलली जाते, मातीत पांढरट दगड दिसू लागतात, आणि तिथे एका बुटक्या दगडी भिंतीजवळ एक साधा दगडी क्रूस उभा आहे. क्रूसामागचं वावर म्हणजे रोमाने-कोंती. १.८१ हेक्टर, आपल्या हिशेबात जेमतेम साडेचार एकर. वर्षाला पाच-सहा हजार बाटल्या निघतात. १९४५ सालची यातली एक बाटली २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली.

तिथून आणखी वर चढलं की ला रोमाने, एक हेक्टरही नाही. त्याच्याही वर ओ रेन्यो नावाचं वावर. तिथे माती पातळ, खडक जवळजवळ उघडा, वारा जास्त. दर्जा एक पायरी उतरतो. सखल रस्त्यापासून इथपर्यंत चालत वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटांत मी दर्जाच्या चारही पायऱ्या पायाखालून घातल्या होत्या; त्यांची नावं लेबल वाचताना येतील.

कारण समजायला सोपं आहे. हा सगळा डोंगरउतार पूर्वेकडे तोंड करून आहे, सकाळचं ऊन थेट मिळतं. आतला खडक चुनखडीचा, प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला. खाली चिकणमाती साचते, पाणी तुंबतं, वेल माजते आणि रस पातळ होतो. अगदी वर माती पुरत नाही आणि थंडी जास्त लागते. मधल्या पट्ट्यात चुनखडी आणि चिकणमाती बरोबर मिसळते, पाणी निचरून जातं पण मुळांना तहान लागली तर खोलवर ओल सापडते. भारी काळ्या रानात वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. पण मुरमाड उतारावरची द्राक्षं गोड होतात हे आपल्याकडेही जुनी माणसं सांगतातच.

वेली तिथे फार दाट लावतात. हेक्टरी दहा हजारांच्या आसपास, म्हणजे एकरी चार हजार. आपल्या नऊ बाय पाच फुटांच्या बागेत एकरी हजारही वेली बसत नाहीत. मांडव नाही, वेल कमरेच्या उंचीची, तारेवर. एका वेलीवर घड मोजकेच ठेवायचे. छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात. आपल्यासारखी एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी अशी दोनदा नाही, कारण तिथे थंडीत वेल खरोखर झोपते. मोठी भीती असते एप्रिलची. डोळे फुटलेले असतात आणि रात्री पारा शून्याखाली जातो. २०२१ च्या एप्रिलमध्ये असंच झालं. रात्रभर ओळींमधून मोठ्या मेणबत्त्या पेटवून लोक जागले, तरी खूप कोंब जळाले, कोत द बोनमधल्या शार्दोनेचे तर फारच. फेब्रुवारीत काढणीच्या तोंडावर गारपीट पाहिलेल्या घरांना त्या पहाटेबद्दल वेगळं सांगावं लागणार नाही.

अशा प्रत्येक नावाच्या वावराला तिथे 'क्लिमा' म्हणतात. शब्द हवामानाचा, पण अर्थ ठरलेल्या बांधांचं, शतकानुशतकं एकाच नावाने ओळखलं जाणारं वावर असा. कोत दोरमधली अशी १,२४७ क्लिमा ४ जुलै २०१५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. नावं अगदी आपल्यासारखीच. पेरिएर म्हणजे दगडखाण. ग्रेव्ह म्हणजे रेती-खडी. जनेव्रिएर, जुनिपरच्या झुडपांचं. क्लो दे मूश, मधमाश्यांचं. शांबेर्तां हे बेर्तां नावाच्या शेतकऱ्याचं शेत, असं सांगतात. माँराशे म्हणजे बोडकी टेकडी, जिथे एरवी काही उगवत नसे. आणि शांबोल गावातलं एक वावर आहे लेझामूरज, प्रेमिकांचं. या नावांचा अर्थ विचारत गेलं की ती आपोआप लक्षात राहतात. फ्रेंच येत असण्याची गरज नाही.

जमीन मोजायचं जुनं मापही सांगते. उव्रे म्हणजे एक माणूस एका दिवसात जेवढी वेलींची मशागत करू शकेल तेवढी जमीन, ४२८ चौरस मीटर. आपले सव्वाचार गुंठे. आजही तिथले शेतकरी आपसात बोलताना उव्रेत बोलतात. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला परकं वाटायचं थांबलं.

पायरी ३: वाटणीचा इतिहास, थोडक्यात

ही वावरं इतक्या बारकाईने ओळखली कुणी? मुख्यतः मठांनी. ९१० मध्ये क्ल्युनीचा मठ स्थापन झाला, १०९८ मध्ये सितोचा. सितोचे साधू स्वतः शेतात राबत. पिढ्यानपिढ्या तेच रान कसायचं, कुठला घड कधी पिकतो ते पाहायचं, आणि माणूस गेला तरी मठाची आठवण राहायची. व्हूजो गावात त्यांनी हळूहळू जमीन जोडत नेली आणि तिला दगडी भिंत घातली. भिंतीने वेढलेल्या मळ्याला 'क्लो' म्हणतात. क्लो द व्हूजो आजही त्या भिंतीत उभा आहे: सुमारे ५० हेक्टर, आपले सव्वाशे एकर.

मग बर्गंडीचे ड्यूक. फिलिप, ज्याला 'धाडसी' म्हणत, त्याने १३९५ मध्ये हुकूम काढून गामे जातीला दुष्ट आणि बेइमान ठरवलं आणि ती उपटायला सांगितली. गामे भरघोस पीक देते, पिनो न्वार नाजूक आणि कमी पिकणारी. शेतकऱ्याला गामे हवी होती, ड्यूकला आपल्या प्रदेशाचं नाव हवं होतं. कुणाची बाजू घ्यावी हा प्रश्न आजही सोपा नाही. एकरी उताऱ्यावर घर चालवणाऱ्याची अडचण मला कळते. पण पिनो न्वार तिथे टिकली त्यात या हुकुमाचा हात आहे, आणि गामे दक्षिणेला बोजोलेत आपलं घर शोधती झाली.

१७८९ च्या क्रांतीनंतर मठांच्या जमिनी सरकारजमा होऊन लिलावात विकल्या गेल्या. त्यानंतर नेपोलियनच्या कायद्याने वारसांना सारखा हिस्सा दिला. पुढचं आपल्याला सांगायला नको. बापाची दोन एकर, चार मुलं, प्रत्येकाला चार ओळी. लग्नात दोन ओळी आल्या, दुसरीकडे तीन गेल्या. परिणाम असा की क्लो द व्हूजोच्या एका भिंतीत आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. काहींच्या मालकीच्या मोजक्याच ओळी. एक शेतकरी सहा गावांत मिळून आठ-दहा एकर कसतो आणि त्यातून बारा वेगवेगळ्या वाइन करतो, कारण प्रत्येक वावराचा रस वेगळा ठेवायचा असतो. एका पिंपात २२८ लिटर, म्हणजे तीनशे बाटल्या. एखाद्या वावरातून दोनच पिंपं भरतात.

एक गोष्ट द्राक्षवाल्यांसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपभरच्या वेली मारल्या. उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर कलम करण्याचा. आपण क्षार आणि पाणीटंचाईसाठी डॉगरिज हा खुंट वापरतो, त्यांना किडीसाठी खुंट लागला. रोमाने-कोंतीच्या मालकांनी जुन्या, स्वतःच्या मुळांवरच्या वेली जमिनीत औषध टोचून १९४५ पर्यंत जगवल्या. त्या वर्षीची काढणी झाल्यावर त्या उपटल्या. १९४६ ते १९५१ या वर्षांची रोमाने-कोंती अस्तित्वातच नाही. न्यूयॉर्कच्या लिलावातली ती बाटली त्या शेवटच्या खुडीची होती.

पायरी ४: लेबल वाचा

आता बाटली हातात घ्या, पण उघडू नका. लेबलवर चार पायऱ्यांपैकी एक असते.

सगळ्यात खाली प्रादेशिक: 'बूर्गोन्य' हा शब्द, सोबत कधी उपविभागाचं नाव. एकूण उत्पादनाचा जवळपास निम्मा भाग हाच. त्यावर गावपातळी: मर्सो, पोमार, व्होल्ने अशी नुसती गावाची नावं. त्याहून वर प्रेमिए क्रू: गावाचं नाव, पुढे 'प्रेमिए क्रू' ही अक्षरं, आणि बहुधा वावराचं नाव. जसं मर्सो प्रेमिए क्रू पेरिएर. हा सुमारे दहावा हिस्सा. आणि शिखरावर ग्रां क्रू, शंभरात एखादा टक्का. ग्रां क्रू एकूण ३३ आहेत. कोत दोरमधल्या ग्रां क्रूवर गावाचं नाव येतच नाही, फक्त वावर: शांबेर्तां, म्युझिन्यी, माँराशे. ही रचना कायद्याने १९३० च्या दशकात पक्की झाली, पण वावरांची प्रतवारी त्याआधीपासून लोकांच्या तोंडी आणि कागदावर होती.

नवख्याची सगळ्यात मोठी फसगत जोडनावांत होते. जव्रे नावाच्या गावाने १८४७ मध्ये आपल्या सर्वोत्तम वावराचं नाव आपल्यापुढे जोडलं आणि ते जव्रे-शांबेर्तां झालं. १८७९ मध्ये प्युलिन्यी आणि शासान्य या दोन्ही गावांनी माँराशे जोडलं, कारण ते वावर दोघांच्या हद्दीत पसरलेलं आहे. म्हणून 'जव्रे-शांबेर्तां' ही गावपातळीची बाटली आणि नुसतं 'शांबेर्तां' म्हणजे ग्रां क्रू. दोघींच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो. दुकानदाराने सांगितलं म्हणून मानू नका, जोडरेघ आणि अक्षरं स्वतः पाहा. दुसरं: 'ग्रां व्हां द बूर्गोन्य' असे शब्द पुष्कळ लेबलांवर असतात. त्यांना प्रतवारीत काही अर्थ नाही. 'क्रू' हा शब्द शोधा.

मग बनवणाऱ्याचं नाव. 'दोमेन' म्हणजे स्वतःच्या वेली कसून स्वतः वाइन करणारा. 'नेगोसियाँ' म्हणजे द्राक्षं किंवा तयार वाइन विकत घेऊन आपल्या नावाने बाटलीत भरणारं व्यापारी घराणं. बोनमधली बुशार पेर ए फिस १७३१ पासूनची आहे, लुई लातूर १७९७ पासूनची, जोसेफ द्रुआं १८८० पासूनची. यांच्याकडे स्वतःच्या जमिनीही आहेत. दोमेनची वाइन चांगली आणि व्यापाऱ्याची कमी, असं सरसकट धरू नका. सुरुवातीला तर मोठी घराणी बरी, कारण त्यांच्या एकाच सही खालच्या सहा गावांच्या बाटल्या मिळतात.

आणि हे मनापासून सांगते: वावर कितीही मोठं असलं तरी हात महत्त्वाचा. क्लो द व्हूजोत ऐंशी मालक म्हणजे ऐंशी तऱ्हा. चांगल्या शेतकऱ्याची गावपातळीची बाटली आळशी माणसाच्या प्रेमिए क्रूला मागे टाकते. ज्याची साधी 'बूर्गोन्य' आवडली त्याचं नाव त्या कागदावर लिहून ठेवा. पुढच्या खरेदीला तेच नाव उपयोगी पडेल.

पायरी ५: पहिल्या बाटल्या

ग्रां क्रूने सुरुवात करू नका. पैसे जातील आणि तुलनेला काही नसल्यामुळे हाती काही लागणार नाही. मी ओळखीच्यांना हा क्रम सांगते.

आधी व्हाइट. माकाँ-व्हिलाज घ्या, शार्दोनेचं साधं, मोकळं रूप. मग शाब्ली. जात तीच, पण शाब्लीच्या जमिनीत सूक्ष्म शिंपल्यांचे जीवाश्म ठासून भरलेले आहेत. वाइनला लिंबाची धार आणि ओल्या दगडाचा वास. शिंपल्यांची चव थेट मुळांतून येते असं कुणी म्हटलं तर ते खरं नव्हे, पण थंड हवा आणि ती जमीन मिळून काहीतरी करतात हे नक्की. दोन्ही ग्लास शेजारी ठेवा. तिसरी आलिगोते, बूझराँ या गावाची मिळाली तर उत्तम, कारण फक्त आलिगोतेसाठी स्वतःच्या नावाचा दर्जा मिळालेलं ते गाव आहे.

मग रेड. साधी बूर्गोन्य रूज, त्यानंतर जिव्री किंवा मर्क्युरे, त्यानंतर मार्साने किंवा साव्हिन्यी. ही गावं नावाने लहान, पण शेतकरी मनापासून काम करतात आणि किंमत व्होन किंवा जव्रेच्या कितीतरी खाली. शेवटी, एखाद्या खास दिवशी, एकाच घराण्याची एकाच वर्षाची व्होल्ने आणि पोमार. दोन्ही गावं एकमेकांना लागून आहेत. व्होल्ने मऊ, सुगंधी. पोमार घट्ट, जरा उशिरा खुलणारी. मधे फक्त बांध आहे. या जोडीनंतर 'क्लिमा' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

पिनो न्वारचा रंग फिका असतो. ग्लासमधून पलीकडची बोटं दिसतात. त्यावरून वाइन हलकी समजू नका. नाक ग्लासात घालून थांबा. आधी चेरी, रासबेरी. बाटली काही वर्षांची असेल तर भिजलेली पानं, अळंबी, आणि मला तरी दरवेळी वळवाच्या पावसानंतरचं रान आठवतं. ग्लास पोटाला गोल आणि तोंडाला निमुळता घ्या, एक तृतीयांशच भरा.

तापमानाकडे लक्ष द्या, इथे आपल्याकडे सगळं बिघडतं. रेड वाइन 'रूम टेम्परेचर'ला प्या असं म्हणतात ते थंड देशातल्या खोलीचं. पिनो न्वारला पंधरा-सोळा अंश पुरेत. नाशिक-पुण्याच्या उन्हाळ्यात बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवून मग उघडा. व्हाइट तीन तास ठेवा, पण बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा. फार थंड असली तर शार्दोनेचा वास मिटून बसतो.

जेवणाचं म्हणाल तर बर्गंडीचं स्वतःचं जेवण वाइनभोवतीच शिजलेलं आहे: रेड वाइनमध्ये तासन्‌तास मुरवलेलं गोमांस, त्याच वाइनच्या रश्शात सोडलेली अंडी, लसूण-लोण्यातल्या गोगलगायी, एप्वास नावाचं उग्र वासाचं चीज. आपल्या ताटात शाब्लीसोबत तळलेलं पापलेट छान लागतं, तिखट हात आखडून लावलेलं. आलिगोते आणि कोथिंबीर वडी आमच्या घरी ठरलेली जोडी आहे. पिनो न्वारसोबत अळंबीची साधी परतलेली भाजी किंवा सौम्य मटण. तांबड्या रश्श्यासोबत यातली कोणतीच बाटली उघडू नका. मिरची या वाइनचा आवाज पूर्ण बुडवते.

पायरी ६: प्रत्यक्ष जायचं ठरलं तर

पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकावरून दिजाँला वेगवान गाडी दीड-पावणेदोन तासांत पोचते. तिथून बोन लोकल गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. मुक्काम बोनला करा. गाडी भाड्याने घेण्यापेक्षा सायकल घ्या. बोनपासून सांतनेपर्यंत वेलींमधून जाणारा सुमारे २२ किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिन्यी सगळं वाटेत. चवी घेऊन गाडी चालवायचा विचारही नको. फ्रान्समध्ये रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम ही मर्यादा आहे.

बोनमध्ये ओतेल-दिय चुकवू नका. ड्यूकचा चान्सेलर निकोला रोलां आणि त्याची पत्नी गिगोन द सालां यांनी १४४३ मध्ये गरिबांसाठी हे रुग्णालय उभारलं. रंगीत चकाकत्या कौलांचं छप्पर सगळ्या फोटोंत असतं, पण मला जास्त लक्षात राहिलं ते आतलं लांब दालन, दोन्ही भिंतींना लाल पडद्यांच्या खाटांची रांग, आणि टोकाला प्रार्थनेची जागा, म्हणजे अंथरुणातून उठू न शकणाऱ्यालाही ती दिसावी. १९७१ पर्यंत इथे रुग्ण होते. लोकांनी शतकानुशतकं या संस्थेला वावरं दान दिली, आज ती सुमारे ६० हेक्टर आहेत. त्यांची वाइन १८५९ पासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी पिंपांनी लिलावात जाते आणि पैसा रुग्णालयाच्या कामाला लागतो. त्या शनिवार-रविवारी बोनमध्ये खोली मिळणं कठीण, महिनोन्‌महिने आधी ठरवा.

बाकी वेळेचं म्हणाल तर मे-जून उत्तम. काढणी सप्टेंबरमध्ये असते, उष्ण वर्षी ऑगस्टच्या अखेरीसच सुरू होते, आणि त्या दिवसांत शेतकऱ्याच्या दारात पाहुणा नको हे आपल्याला कळायला हवं. थंडी सोसत असेल तर जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी जा. १९३८ पासून दरवर्षी वेगळ्या गावात सां व्हांसां या द्राक्षवाल्यांच्या संताचा उत्सव भरतो. भल्या पहाटे गावोगावच्या मंडळ्या आपापली संताची लाकडी मूर्ती खांद्यावर घेऊन, पताका लावून, बर्फाळ वेलींमधून चालत येतात. या मंडळ्या मुळात परस्परसाह्याच्या. कुणी आजारी पडला की त्याची छाटणी बाकीचे करून देतात. मूर्ती खांद्यावर डुलत जाताना पाहून माझ्या शेजारी उभ्या सासूबाईंनी नकळत हात जोडले.

शेतकऱ्याकडे चव घ्यायला जायचं तर आधी ईमेल करून वेळ घ्या आणि वेळेवर पोचा. बहुतेक ठिकाणी स्वागतकक्ष वगैरे नसतो, घराखालचं तळघर असतं आणि दार तोच उघडतो. आत शिरताना 'बाँजूर' म्हणा, तिथे त्याला फार किंमत आहे. मी साव्हिन्यीत एका वयस्क शेतकऱ्याकडे गेले होते. तळघरात ओल, भिंतींवर काळी बुरशी, पिंपांवर खडूने वावरांची नावं. त्यांनी काचेच्या नळीने पिंपातून वाइन ओढून माझ्या ग्लासात सोडली, चव घेतल्यावर उरलेली परत पिंपात ओतली, आणि पुढच्या पिंपाकडे वळण्याआधी विचारलं, तुमच्याकडे माती कशी आहे? त्यांना मी भारी काळ्या रानाबद्दल सांगितलं, फेब्रुवारीतल्या काढणीबद्दल सांगितलं. हिवाळ्यात द्राक्ष काढतात हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

चव घेऊन थुंकणं तिथे रीतच आहे, भांडं ठेवलेलं असतं, संकोच करू नका. तासभर कुणी वेळ दिला तर दोन बाटल्या तरी घ्या. वेलींच्या ओळींत शिरू नका, घड तोडू नका. रोमाने-कोंतीच्या भिंतीवर तर तशी पाटीच आहे. रस्त्यावर उभं राहून पाहा.

परतताना बाटल्या चेक-इनच्या बॅगेत, प्रत्येक बाटली कपड्यांत गुंडाळून, मधोमध. भारतात उतरताना एका प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे पाऊण लिटरच्या दोनच बाटल्या. तिसरी असेल तर ती आधी जाहीर करा. घरी आणल्यावर लगेच उघडू नका, प्रवासात वाइन ढवळली जाते, दोन-तीन आठवडे आडवी ठेवा. माळ्यावर किंवा स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवू नका, तिथे मे महिन्यात बूच सुटतं. घरातली सगळ्यात गार, अंधारी जागा शोधा. ती नसेल तर फ्रिजचा खालचा कप्पा, आणि सहा महिन्यांच्या आत संपवा.